बंदूक दुरुस्तीचा मेहनताना

आंबीपासून आंदर मावळाच्या आतल्या वाड्यांपर्यंत भाताच्या लोंबीत दाणा भरू लागला, म्हणजे ज्याच्या घरी पीकसंरक्षणाचा परवाना आणि वडिलोपार्जित बाराबोरची दुनळी आहे अशा शेतकऱ्यास रानडुकरांच्या भयाने त्या हत्याराची आठवण होते; आणि पावसाळी दमटपणाने गंजलेली, सांध्यांत ढिली पडलेली ती बंदूक शहरातील परवानाधारक कारागिरापुढे ठेवल्यावर जो मेहनताना सांगितला जातो, तो ऐकून त्याला आपली लूट चालली आहे असेच वाटते. हा समज मला अन्यायाचा वाटतो.

या कारागिरीचा नमुना म्हणून, दुनळीऐवजी रायफल घेतली तरी, तिला नवा दस्ता बसविणे म्हणजे काय, हे एकदा जवळून पाहावे. कारागीर पोलादी भागाच्या तळाला काजळीचा पातळ थर देतो, तो भाग अक्रोडाच्या लाकडात कोरलेल्या खाचेत दाबतो, उचलतो, आणि लाकडावर जेथे काळा डाग उमटला असेल तेवढाच कण पटाशीने खरवडतो. सर्वत्र सारखा डाग पडेपर्यंत हेच पुनःपुन्हा चालते, कारण बैठक विषम राहिली तर नेम ढळतो आणि धक्क्याने लाकूड चिरते. त्याहून गंभीर बाब काडतुसाच्या बैठकीची आहे. बंद बोल्टचे तोंड आणि काडतुसाचे बूड यांत प्रमाणाबाहेर फट राहिल्यास पितळी कवच फाटून तप्त वायू नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांवर येऊ शकतो, आणि ती फट नुसत्या नजरेस दिसत नाही. मेहनताना पडतो तो या जोखमीचा.

शिवाय हे कारागीर उरलेच किती? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या परवान्यास जी जागा होती, ती 1991 च्या दुरुस्तीने काढून टाकली, आणि ते योग्यच झाले. परंतु शिकारी गिऱ्हाईक गेल्याबरोबर या धंद्याची उपजीविकाही आटली. आंबीच्या औद्योगिक वसाहतीत सूक्ष्म मापाचे काम करणारे हात पुष्कळ आहेत, पण 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे विनापरवाना बंदूक दुरुस्त करणे हा गुन्हा असून 2019 पासून त्यास सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ही कडक तरतूद सैल करा, असे मी म्हणणार नाही. मात्र रानडुक्कर मारण्यास वनखात्याची परवानगी, बंदूक बाळगण्यास जिल्ह्याचा परवाना, आणि ती सुस्थितीत ठेवण्याचा सारा भार मात्र एकट्या शेतकऱ्यावर, ही व्यवस्था मला अपुरी वाटते.

निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे हुकूम बहुधा सुटतात, आणि त्या तेथे कोपऱ्यात पडून आणखी गंजतात. त्याच मुदतीत सरकारने परवानाधारक कारागीर वडगाव मावळास बोलावून, पोलिसांच्या समक्ष प्रत्येक पीकसंरक्षण बंदुकीची नळी, चाप आणि सांधे तपासून घ्यावेत, धोक्याचे हत्यार तेथेच बाजूला काढावे आणि बाकीच्यांस दाखला द्यावा. कारागिराचा दर जिल्हाधिकाऱ्यांनी त्याच्याशी बोलून आधीच ठरवून चावडीवर लावावा. तपासणीचा खर्च सरकारने सोसावा, आणि दुरुस्तीची पूर्ण रक्कम, एक पैसाही न कापता, बंदुकीच्या मालकाने द्यावी.