नेमबाजांसाठी ट्रॉली बनवायचीय? आधी त्यांच्याबरोबर पार्किंगपासून चाला!



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, सर, आज हे काय नवीनच? शूटिंग रेंजवर सामान ओढायची गाडी! आपला आणि त्याचा काय संबंध? संबंध आहे. कारण या गाडीच्या नादात आपल्या बॅचमधल्या एका पोराचे पैसे अडकले, आणि त्यात थोडी चूक माझीही होती. ती आधी कबूल करतो, मग माझं मत सांगतो.

पोरगा कोल्हापूरचा. छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, दोन कामगार, ग्रिल आणि शेडची कामं. कोल्हापूर म्हणजे नेमबाजांचं गाव. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणलं. आणि २०२४ ला पॅरिसमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्य घेतलं, तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात दुसरी चर्चा नव्हती. या पोराला वाटलं, आता रेंजवर गर्दी वाढणार, सगळ्यांकडे जड सामान असणार, आपण गाडी बनवू. विचार चांगलाच होता. मी तुम्हाला नेहमी सांगतो ना, मोठ्यांच्या पाठीमागं धावू नका, छोटं गिऱ्हाईक पकडा? त्यानं तेच केलं.

मग त्यानं अमेरिकेतले व्हिडिओ बघितले. मोठ्या चाकांची दणकट गाडी, वर रायफल उभी ठेवायला खाचा, खाली पेटी, बाजूला छत्रीची नळी, आणि झाकण बंद केलं की बसायला जागा. त्यानं ड्रॉइंग काढून मला पाठवलं, "सर, तिकडं प्रत्येक शूटरकडं असली गाडी असते, बघा." मी बघितलं आणि लिहिलं, "जबरदस्त! लाग कामाला."

ही माझी चूक. मी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता: अरे, ही गाडी ओढायची कुठून कुठे?

तिकडची वाट वेगळी, इकडची वेगळी

ती अमेरिकन गाडी तशी का आहे, हे समजून घ्या. ओहायो राज्यात लेक ईरीच्या काठावर कॅम्प पेरी नावाची जागा आहे. १९०७ पासून तिथे रायफलच्या मोठ्या राष्ट्रीय स्पर्धा होतात. तिथल्या एका प्रकारात नेमबाज आधी २०० यार्डांवरून, मग ३०० वरून, मग ६०० वरून गोळी झाडतो. म्हणजे साधारण १८३, २७४ आणि ५४९ मीटर. दर वेळी अख्खं बिऱ्हाड उचलून मागच्या लाइनवर जायचं. जमीन गवताची, पाऊस आला की चिखल, तळ्यावरून वारा, आणि दिवसभर उघड्यावर. अशा माणसाला मोठी चाकं लागतात, पावसाचं झाकण लागतं, बसायला स्टूल लागतं. तिकडे बरेच जण तर लहान मुलांना घेऊन जॉगिंगला जायची तीनचाकी गाडी घेतात, कापडी सीट काढून टाकतात आणि तिथे लाकडी पेटी बसवतात. त्यांच्या वाटेला ते बरोबर आहे.

आता आपल्याकडचा १० मीटर एअर रायफलचा खेळाडू बघा. बहुतेक वेळा तो छताखाली खेळतो. एकदा आपल्या जागेवर गेला की तिथून मॅच संपेपर्यंत हलायचंच नाही. त्याच्या वाट्याला जागा येते साधारण १ मीटर रुंदीची. मग तुमची ७० सेंटिमीटर रुंद गाडी तिथे उभी कुठे करणार? शेजारच्या खेळाडूच्या पायात?

त्याचा खरा त्रास रेंजच्या आत नाहीच. तो आहे घर ते रेंज. स्कूटर, रिक्षा, एसटीची डिकी, स्टेशनचा जिना, स्पर्धेच्या गावात लॉजचा दुसरा मजला. त्याच्याकडे सव्वा मीटरच्या आसपास लांबीची रायफलची केस असते. नियमानं एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते, केसचं वजन वेगळं. वर कडक कॅनव्हासचं जॅकेट, पॅन्ट, बूट, हातमोजा, स्टँड, हवेचा सिलिंडर. ५० मीटरवाल्याला त्यात मॅट, गुडघ्याखालचा रोल आणि दुर्बिणीचा स्टँड. सगळं मिळून सहज २० किलोच्या घरात. आणि ओढणारा बऱ्याचदा पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, नाहीतर त्यांची आई.

आमच्या पोराची गाडी रिकामीच १४ किलो भरली. ती स्कूटरवर कशी नेणार?

किती अडकले, हिशोब बघा

त्यानं एकदम बारा गाड्या बनवल्या. पाइप एकत्र घेतला की स्वस्त पडतो म्हणून! आकडे गोल करून सांगतो. एका गाडीला सगळं धरून खर्च ३,१००. विक्री ३,५०० ला. म्हणजे नफा ४००. बारा गाड्यांचे गेले ३७,२००. विकल्या तीन, त्याही ओळखीत. आले १०,५००. अडकले २६,७००.

आता कॅल्क्युलेटर काढा. ४०० रुपये नफ्यानं २६,७०० भरून काढायचे तर अजून ६७ गाड्या विकाव्या लागतील. जी गाडी बारा खपत नाही, ती ६७ कुठून खपणार? छोट्या वर्कशॉपला २६,७०० म्हणजे दोन कामगारांचा पगार. त्या महिन्यात त्यानं पगार उसने घेऊन केले, हे मला नंतर कळलं. मला वाईट वाटलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. कोणतीही वस्तू बनवायच्या आधी गिऱ्हाईकाची वाट स्वतः चालून बघा. व्हिडिओ बघून वस्तूचा आकार कळतो, पण ती तशी का आहे ते कळत नाही. आणि 'का' कळल्याशिवाय केलेली कॉपी महागात पडते. माझे व्हिडिओसुद्धा त्यात आले बरं का!

मग आम्ही काय केलं?

एका रविवारी मी आणि तो, दोघं एका रेंजवर गेलो. आधी तिथल्या इनचार्जना भेटून परवानगी घेतली. ही पायरी चुकवू नका, ही काही बाजारपेठ नाही. मग एका खेळाडूच्या वडिलांबरोबर पार्किंगपासून आत चाललो. नुसतं चाललो, काही विकलं नाही. तेवढ्यात काय काय दिसलं ते सांगतो.

एक, बहुतेकांकडे आधीच साधी सामानाची फोल्डिंग ट्रॉली होती, इलॅस्टिकच्या दोऱ्या बांधलेली. म्हणजे आपली स्पर्धा अमेरिकन गाडीशी नव्हतीच, या ट्रॉलीशी होती.

दोन, ती ट्रॉली तीन ठिकाणी हरत होती. लांब केस उभी बांधली की वळताना कलंडायची. छोटी चाकं फरशीच्या फटीत आणि उंबऱ्यात अडकायची. आणि जिन्यावर दोरी सरकून केस निसटायची.

तीन, फोल्ड होऊन स्कूटरच्या पायाजवळ मावत नसेल तर फुकट दिली तरी नको, असं त्या वडिलांनी तोंडावर सांगितलं.

बघा, ही तीन वाक्यं म्हणजे अख्खं ड्रॉइंग आहे. यातला एकही मुद्दा व्हिडिओत नव्हता.

थोडं टेक्निकल, पण कामाचं

चाक: २ सेंटिमीटरचा उंबरा चढायला ४ इंची चाकाला जेवढा जोर लागतो, त्याच्या साधारण निम्म्या जोरात १० इंची चाक चढतं. पण १० इंची चाक फोल्ड केल्यावर जागा खातं. म्हणून ७-८ इंचांचा मधला मार्ग. हवेचं चाक हादरे कमी देतं, रायफलच्या साइटला ते बरं, पण पंक्चरची कटकट. शहरातल्या फरशीवर नरम रबराचं भरीव चाक पुरतं.

पाइप: २५ बाय २५ चा, १.६ मिलिमीटर जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप मीटरला जवळजवळ १.२ किलो भरतो. त्याच मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा ४०० ग्रॅम. सहा मीटर लागला तर ७ किलो की अडीच किलो, तुम्हीच ठरवा. पण अ‍ॅल्युमिनियम त्याच मापात लोखंडाच्या तिप्पट वाकतं, आणि त्याचं वेल्डिंग साध्या मशीनवर जमत नाही. मग नटबोल्ट आणि रिव्हेटची जोडणी करा, जाडी थोडी वाढवा.

वजनाची जागा: दोन चाकांच्या गाडीत वजनाचा मध्य अ‍ॅक्सलपासून १० सेंटिमीटर पुढे आणि हँडल १ मीटरवर असेल, तर ३० किलोपैकी हातावर फक्त ३ किलो येतं. तोच मध्य ३० सेंटिमीटर पुढे गेला तर ९ किलो. गाडी तीच, सामान तेच, पण मुलीचा खांदा दुखायला लागतो. जड सिलिंडर खाली आणि अ‍ॅक्सलजवळ ठेवायची जागा द्या.

आणि हे नीट वाचा. शस्त्र आपला विषय नाही. रायफलला, काडतुसांना हात लावायचा नाही, वर्कशॉपला घेऊन ये म्हणायचं नाही. आपल्याला बंद केसची मापं पुरतात. तेवढ्या मापाची लाकडी पेटी करा, वाळू भरून वजन सारखं करा आणि त्यावर ट्रायल घ्या. गाडीवर रायफल उघडी ठेवायच्या खाचा आपल्याकडे देऊ नका. केस बंद, पट्ट्यांनी आवळलेली, आणि मालक कायम सोबत, अशीच रचना हवी. रेंजच्या आत काय चालेल ते रेंज ऑफिसर ठरवतील, आपण नाही.

"सर, पण हे मार्केटच केवढं?"

हा प्रश्न बरोबर आहे. छोटंच आहे. नुसत्या नेमबाजांवर वर्कशॉप चालणार नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. ग्रिल आणि शेडची कामं चालूच ठेवा, पोट त्यावर आहे. ही एक जोड-ऑर्डर समजा.

काही जण म्हणतात, मग एकच ट्रॉली नेमबाजालाही विका, फोटोग्राफरलाही विका आणि भजनी मंडळाच्या पेटी-तबल्यालाही विका. इथे माझा विरोध आहे. खालचा सांगाडा एक ठेवा, चालेल. पण पेटीवाल्या बुवांची वाट देवळाच्या पायऱ्यांवरून जाते, फोटोग्राफरची लॉनवरून. प्रत्येकाबरोबर एकदा चालावं लागेल. सगळ्यांसाठी म्हणून बनवलेली वस्तू बहुतेक वेळा कोणाच्याच कामाची नसते.

दुसरा आक्षेप असा, की एवढं चालत बसलो तर संधी निघून जाईल. मित्रांनो, रविवारचे तीन तास गेले आमचे. बारा गाड्या बनवायला त्याला तीन आठवडे लागले होते.

आज काय झालंय?

त्या पोरानं गाडी बनवणं सोडलं. आता तो सामानाच्या ट्रॉलीला लावायचा जोड बनवतो. खाली केसचं टोक बसेल असा रबर लावलेला कप, मधे दोन रुंद पट्टे, आणि मोठी चाकं बसवलेला अ‍ॅक्सल. एक सॅम्पल केलं, ते त्याच वडिलांना आठवडाभर वापरायला दिलं. कप ढिला पडला, तो बदलला. मग सात ऑर्डर घेतल्या, प्रत्येकाकडून निम्मे पैसे अ‍ॅडव्हान्स, आणि त्यानंतरच माल कापला. सात म्हणजे फार नाहीत. पण सातही गेले आणि शेडमध्ये एकही उरला नाही. जुन्या नऊ गाड्यांपैकी दोन तो वर्कशॉपमध्ये सिलिंडर ओढायला वापरतो, बाकीच्या अजून तशाच आहेत. ते पैसे परत आलेले नाहीत, आणि मी ते लपवणार नाही.

तुमचा गृहपाठ

तुमची वस्तू कोणतीही असो, या आठवड्यात एवढं करा.

१. एक गिऱ्हाईक गाठा आणि तो ती वस्तू वापरतो त्या जागी त्याच्याबरोबर जा. फोनवर विचारू नका.

२. आज तो काय वापरून भागवतोय ते लिहा. तोच तुमचा खरा स्पर्धक.

३. ते कुठे हरतं, त्या तीनच जागा लिहा. एकही सापडली नाही तर ती वस्तू बनवू नका. तयार ट्रॉलीनं काम भागत असेल तर भागू द्या.

४. एकच सॅम्पल करा आणि ते वापरायला द्या. तुटलं तर आनंद माना, स्वस्तात शिकलात.

५. अ‍ॅडव्हान्स आल्याशिवाय दुसरा नग कापू नका. "मस्त आहे" म्हणणाऱ्यापेक्षा पाचशे रुपये हातावर ठेवणारा खरा.

आणि कोणी सर तुमचं ड्रॉइंग बघून "जबरदस्त" म्हणाले, तर त्यांना उलट विचारा, "सर, ही ओढायची कुठून कुठे, सांगा बरं?" मलाही विचारा. मी आता आधी तेच बघतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत चप्पल घाला आणि गिऱ्हाईकाच्या वाटेनं एक चक्कर मारून या.