व्हिसा नको, पण तयारी हवी : थायलंडला निघालेल्या सीमाभागातल्या प्रवाशांनी काय बघावं?

बेळगाव : शहापुरातल्या एका भिशी मंडळाच्या अकरा बायका मध्यंतरी बँकॉक-पट्टाया फिरून आल्या. ट्रिप झकास झाली, भांडणं झाली नाहीत, कुणाचं काही हरवलंही नाही. घरी आल्यावर हिशेब करताना मात्र एका ओळीवर बोट थांबलं. 'टीडीएसी चार्जेस', माणशी दीड हजार रुपये. कॉमर्स शिकलेला माणूस म्हणून हिशेबाचा कागद माझ्याकडे आला. टीडीएसी म्हणजे थायलंडमध्ये उतरण्याआधी भरायचं डिजिटल कार्ड. ते फुकट मिळतं, एक पैसाही लागत नाही. म्हणजे अकरा जणींचे साडेसोळा हजार रुपये उगाच गेले. बरं, कार्ड खरं होतं, त्यामुळे विमानतळावर कुणी अडवलं नाही. दुसऱ्या एखाद्या गटाच्या वाट्याला कार्डही खोटं आलं असतं.

'थायलंडला आता व्हिसा लागत नाही' हे वाक्य बेळगाव, खानापूर, निपाणीपासून पणजी-म्हापशापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. वाक्य खरं आहे, पण अर्धवट. उरलेलं अर्धं माहीत नसेल तर पैसे जातात, कधी तिकीट बुडतं आणि काही तरुणांच्या बाबतीत जिवावर बेततं. म्हणून हा विषय एकदा नीट मांडणं गरजेचं वाटलं.

सवलत कशी आली?

पूर्वी आपल्याला बँकॉकला उतरल्यावर रांगेत उभं राहून 'व्हिसा ऑन अरायव्हल' घ्यावा लागायचा. फी २,००० बाट आणि मुक्काम १५ दिवसांचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांना ३० दिवस विनाव्हिसा प्रवेश दिला. आधी तो ठरावीक मुदतीपुरता होता, मग मुदत वाढली. १५ जुलै २०२४ पासून ९३ देशांच्या नागरिकांसाठी ६० दिवसांची विनाव्हिसा सवलत सुरू झाली आणि त्यात भारतही आला.

यामागे मैत्रीपेक्षा हिशेब जास्त आहे. कोरोनानंतर त्या देशाला पर्यटक परत हवे होते आणि चिनी पर्यटकांचा ओघ पूर्वीसारखा उरला नव्हता. २०२४ मध्ये थायलंडमध्ये सुमारे साडेतीन कोटी परदेशी पाहुणे आले. त्यात भारतीय २० लाखांच्या वर होते. चीन आणि मलेशियाच्या खालोखाल आपला नंबर लागला. एवढं गिऱ्हाईक कुठला दुकानदार सोडेल?

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ही सवलत थायलंड सरकारने स्वतःच्या सोयीने दिलेली आहे. जे दिलं ते परत घेता येतं. विनाव्हिसा येऊन तिथे चोरून धंदा-नोकरी करणारे वाढले, अशी तक्रार तिथे झाली आणि २०२५ मध्ये ६० दिवस पुन्हा ३० वर आणण्याची चर्चा तिथल्या सरकारनेच उघडपणे सुरू केली. म्हणून शेजाऱ्याचा मागच्या वर्षीचा अनुभव हा तुमचा यंदाचा नियम समजू नका. तिकीट काढायच्या दिवशी एकदा आणि निघायच्या आठवड्यात एकदा, थाई दूतावासाच्या वेबसाइटवर मुक्कामाचे दिवस बघून घ्या.

तपासणी गेली कुठे?

व्हिसा रद्द झाला म्हणून तपासणी रद्द झाली, असं होत नाही. फक्त तिची जागा बदलली. पूर्वी ज्यांनी वकिलातीत व्हिसा मागितला त्यांना नकार घरबसल्या कळायचा. फी जायची, पण तिकीट वाचायचं. आता नकार मिळाला तर तो विमानतळावर मिळतो, सगळा खर्च झाल्यावर. वाण्याच्या भाषेत सांगायचं तर जोखीम सरकारच्या वहीतून निघून प्रवाशाच्या वहीत आली.

तीन काउंटर पार करावे लागतात. पहिला विमान कंपनीचा. प्रवाशाला परदेशात प्रवेश नाकारला गेला तर त्याला परत आणायची जबाबदारी कंपनीवर येते, त्यामुळे ती आधीच परतीचं तिकीट आणि पासपोर्टची मुदत बघते. दुसरा काउंटर आपल्याच इमिग्रेशनचा. पर्यटक म्हणून निघालेला माणूस प्रत्यक्षात नोकरीला चालला आहे असा संशय आला तर इथेच प्रश्न सुरू होतात. तिसरा थाई इमिग्रेशनचा. तिथला अधिकारी कुठे राहणार, किती दिवस, पैसे किती, असं विचारू शकतो आणि त्याचं समाधान झालं नाही तर परत पाठवू शकतो. विनाव्हिसा सवलत म्हणजे प्रवेशाचा हक्क नव्हे, हे तिथे गेल्यावर कळून उपयोग नाही.

कागद कोणते ठेवायचे?

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. आपल्याकडे लोक मुदत संपायची तारीख बघतात आणि 'अजून चार महिने आहेत की' म्हणून निर्धास्त राहतात. तेवढ्यावर कंपनी काउंटरवरूनच परत पाठवू शकते.

परतीचं किंवा पुढच्या देशाचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि पैशाचा पुरावा सोबत असावा. माणशी २०,००० बाट किंवा तेवढ्या किमतीचं परकीय चलन जवळ ठेवा, असं जाणकार एजंट सांगतात. दरवेळी विचारतातच असं नाही, पण विचारलं तेव्हा दाखवता आलं पाहिजे. मोबाइलमधल्या यूपीआयच्या भरवशावर तिथल्या अधिकाऱ्यासमोर उभं राहू नका.

टीडीएसी हे कार्ड १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे. विमानाने, रस्त्याने किंवा समुद्रमार्गे जा, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं. पासपोर्टचा तपशील, विमानाचा नंबर, राहण्याचा पत्ता एवढंच विचारतात. भरलं की क्यूआर कोड ई-मेलवर येतो. त्याची एक प्रत कागदावर छापून घ्या, ऐनवेळी मोबाइलची बॅटरी दगा देते. अधिकृत वेबसाइट थाई इमिग्रेशनची आहे आणि तिच्या पत्त्याचा शेवट 'डॉट गो डॉट टीएच' असा होतो. पैसे मागणारी वेबसाइट दिसली की ती बंद करा. एजंटने भरून देण्याची मजुरी घेतली तर तक्रार नाही, पण ती मजुरी म्हणून घ्यावी, सरकारी फी म्हणून नव्हे. मलेशियालाही भारतीयांना विनाव्हिसा प्रवेश देताना असंच एक डिजिटल कार्ड आहे आणि तेही फुकट आहे. दोन्ही देश एकाच ट्रिपमध्ये करणाऱ्यांनी दोन कार्डं भरायची.

नावाचं स्पेलिंग हा आपल्या भागातला जुना दुखणा विषय. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं तिसरं. लग्नानंतर बायकांचं नाव बदललेलं, पासपोर्ट माहेरच्या नावाचा. परदेश प्रवासात एकच नियम पाळा : तिकीट, हॉटेल आणि टीडीएसी यावर नाव पासपोर्टमध्ये आहे अगदी तसंच हवं. जन्मगाव पासपोर्टवर जुन्या इंग्रजी स्पेलिंगने 'बेलगाम' असेल आणि २०१४ नंतरच्या कागदांवर 'बेळगावी' असेल तर घाबरायचं कारण नाही. फॉर्ममध्ये पासपोर्टवरचंच लिहायचं.

मुक्काम लांबला तर दिवसाला ५०० बाट दंड आहे, जास्तीत जास्त २०,००० बाट. मुदत वाढवून हवी असेल तर ती संपण्याआधी तिथल्या इमिग्रेशन ऑफिसात अर्ज करायचा, १,९०० बाट फी भरायची. आणखी एक : ई-सिगारेट तिथे न्यायला बंदी आहे. आपल्याकडेही आहे, हा भाग वेगळा.

गोव्यातल्या वाचकांसाठी

गोव्यात एकाच घरात दोन प्रकारचे पासपोर्ट असणं नवीन नाही. नवरा पोर्तुगीज पासपोर्टवर, बायको भारतीय. नियम माणसाला नाही, पासपोर्टला लागतो. ज्या पासपोर्टवर प्रवास, त्या देशाच्या नागरिकाचे नियम. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्याने भारतीय पासपोर्ट परत करणं कायद्याने बंधनकारक आहे आणि परत येताना त्याला ओसीआय कार्ड किंवा भारताचा व्हिसा लागतो. थायलंडला सुखरूप पोहोचून परतीच्या विमानात चढताना अडकायचं नसेल तर ओसीआय कार्ड बॅगेत आहे का, ते घरातून निघतानाच बघा.

साठ दिवस फिरायचे, नोकरीचे नव्हेत

आता मूळ चिंतेकडे येतो. काही दिवसांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. पुतण्या बीकॉम, दोन वर्षं घरी. टेलिग्रामवरून बँकॉकमध्ये 'डेटा एन्ट्री'ची नोकरी आली होती. पगार भारतीय पैशात महिन्याला ऐंशी हजार, जेवण-राहणं मोफत, तिकीट कंपनीचं. इंटरव्ह्यू मोबाइलवर दहा मिनिटांत उरकला. "व्हिसाचं काय?" असं काकांनी विचारलं तर उत्तर मिळालं, "थायलंडला व्हिसा लागतच नाही." काकांना तेवढंच खटकलं, म्हणून त्यांनी विचारलं.

खटकलं ते बरं झालं. विनाव्हिसा प्रवेशावर थायलंडमध्ये नोकरी करता येत नाही. नोकरीसाठी वेगळा व्हिसा आणि काम करण्याचा परवाना लागतो. अशा 'नोकरी'साठी बँकॉकला उतरलेल्या अनेक तरुणांना गाडीत घालून माए सोत या सीमेवरच्या गावी नेलं गेलं. तिथून मोए नदी ओलांडली की म्यानमारचं म्यावाडी. नदीपलीकडे बंद आवारात ऑनलाइन फसवणुकीचे अड्डे चालतात. पासपोर्ट काढून घेतात आणि दिवसरात्र अनोळखी लोकांना जाळ्यात ओढायचं काम करून घेतात. नाही म्हटलं तर मारहाण होते, सुटकेसाठी पैसे मागतात. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहून दोन दिवसांत ५४९ भारतीयांना परत आणावं लागलं.

यात एक विचित्र गोष्ट आहे. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' शिक्का असतो. असा माणूस थायलंड, मलेशियासह ठरावीक देशांत नोकरीला निघाला तर त्याला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'ची परवानगी घ्यावी लागते. म्हणजे अडाणी मजुरासाठी एक तरी चाळणी आहे. शिकलेल्याला ती लागू नाही, कारण तो स्वतःचं बघेल असं कायदा गृहीत धरतो. फसवणूक करणाऱ्यांना नेमका हाच मुलगा हवा असतो : कॉम्प्युटर येणारा, इंग्रजी थोडं बोलणारा, घरी बसून कंटाळलेला.

म्हणून परदेशातली नोकरी आली की आधी एजंट 'ई-मायग्रेट' पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. शंका असेल तर बेळगाव, बिदर, कारवारकडच्या लोकांनी बेंगळुरूच्या, महाराष्ट्र-गोव्यातल्यांनी मुंबईच्या आणि तेलंगणातल्यांनी हैदराबादच्या प्रोटेक्टर कार्यालयात चौकशी करावी. ऑनलाइन फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करा.

दुसऱ्याची बॅग उचलू नका

दुसरा सापळा फुकट ट्रिपचा. 'तिकीट-हॉटेल आमचं, येताना फक्त एक बॅग आणायची.' बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात हायड्रोपोनिक गांजा सापडल्याच्या बातम्या आपल्या विमानतळांवरून सतत येत आहेत. थायलंडने २०२२ मध्ये गांजावरचे निर्बंध सैल केले, २०२५ मध्ये पुन्हा आवळले. तिथे काय चालतं याचा भारतात उपयोग नाही. इथे एनडीपीएस कायदा लागतो, त्यात जामीनही सहजी मिळत नाही. 'बॅग माझी नव्हती' हे वाक्य ज्याच्या हातात बॅग आहे त्याने म्हणून भागत नाही.

ही माहिती घरोघरी पोहोचवायची कुणी? इशारे इंग्रजीत निघतात, फार तर कन्नडमध्ये येतात. चंदगडचा माणूस पासपोर्टसाठी पुण्याकडे बघतो, शेजारच्या बेळगावचा माणूस बेंगळुरूकडे. दोघांच्या मोबाइलवर येणारी टेलिग्रामची जाहिरात मात्र एकच असते, आणि ती चांगल्या मराठीत असते. फसवणूक करणाऱ्यांना सीमाभागातल्या माणसाची भाषा कळते, तर ती दोन्ही राज्यांच्या प्रशासनालाही कळायला हवी. पासपोर्ट हातात देताना सोबत मराठीत एक पानाची सूचना दिली तरी पुष्कळ काम होईल.

तोवर आपलं आपण बघायचं. थायलंड सुंदर आहे, जरूर जा. तिथे अडचण आली तर पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५, तो आणि बँकॉकच्या भारतीय दूतावासाचा नंबर घरी लिहून ठेवा. त्या पुतण्याने तिकीट नाकारलं तेव्हा समोरच्याने दोन दिवसांत नंबरच बंद केला. मुलगा सध्या बेळगावात एका सीएकडे कामाला लागला आहे. पगार ऐंशी हजाराच्या जवळपासही नाही, पण संध्याकाळी तो घरी जेवायला असतो.