बोट सकाळी लागते, गाडी रात्री सुटते



बोटीची सहल म्हणजे साहेब लोकांची चैन, अशी आपल्या घरात समजूत होती. आता मुलगा किंवा मुलगी नोकरीला लागली की आईबापांना हौसेने मुंबई-गोवा-मुंबई सफर घडवते. जन्मभर घाम गाळलेल्या माणसांना हे सुख मिळावे, यात वावगे काहीच नाही. पण सारा हिशेब बोटीपुरता केला जातो. बोट सकाळी मुंबईला लागते आणि नागपूर-अकोल्याकडची गाडी संध्याकाळी किंवा रात्री असते. मधला दिवस कोणी धरतच नाही. मग साठी उलटलेली माणसे बॅगा ओढत उन्हात फिरतात आणि सहलीचा आनंद एका दुपारीत आटून जातो. म्हणून या वेळी त्या एका दिवसाचे बोलू.

तयारी आदल्या रात्रीच करायची. मोठ्या बोटींवर सामानाला चिठ्ठी लावून ते रात्रीच खोलीबाहेर ठेवायला सांगतात. ते आपल्याला धक्क्यावर मिळते. तेव्हा बीपी-साखरेच्या गोळ्या, चष्मा, ओळखपत्र, रेल्वेचे तिकीट आणि पैसे मोठ्या बॅगेत टाकू नका. ते हातातल्या पिशवीत हवे. बोट धक्क्याला लागली म्हणजे आपण लगेच उतरलो, असेही नसते. शेकडो प्रवासी टप्प्याटप्प्याने उतरतात. त्यात दोन-तीन तास सहज जातात. म्हणून सकाळची गाडी काढूच नये, आणि बोटीवरची शेवटची न्याहारी पोटभर करूनच उतरावे.

उतरल्यावर जमीन हलते आहे असे वाटेल. घाबरू नका. शरीराला बोटीच्या डुलण्याची सवय झालेली असते. बहुतेकांना दिवसभरात बरे वाटते. मात्र वयस्क माणसांनी जिना उतरताना कठडा धरावा. चक्कर जास्तच असेल, बोलताना जीभ अडखळत असेल किंवा हातपाय बधिर होत असतील, तर बोटीला दोष देत बसू नका. तडक दवाखाना गाठा.

मुंबईचा प्रवासी बोटींचा धक्का बॅलार्ड पिअरला आहे. तिथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस जवळच आहे. टॅक्सीने आधी तिथेच जावे. नागपूरकडून येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की शहराच्या या दक्षिण भागात ऑटोरिक्षा चालत नाहीत. टॅक्सी मीटरवर ठरवावी. स्टेशनवर सामानघर असते. तिथे तिकीट दाखवावे लागते आणि बॅगेला कुलूप लागते, म्हणून छोटी कुलपे घरूनच न्यावीत. तिकिटावर गाडी सुटण्याचे स्टेशनही नीट वाचावे. काही गाड्या दादरहून, तर काही कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटतात. गाडी कुर्ल्याची आणि सामान बोरीबंदरला, असे झाले तर संध्याकाळच्या गर्दीत जीव मेटाकुटीला येतो.

आता पाहायचे काय? दिवसभरात दोनच ठिकाणे धरावीत. घारापुरीचा मोह आवरावा. गेटवेवरून लाँचने जायलाच सुमारे तास लागतो, वर पायऱ्या आहेत आणि सोमवारी लेणी बंद असतात. त्यापेक्षा सकाळी दादरला चैत्यभूमीवर जावे. सकाळी नोकरदारांची गर्दी फोर्टकडे येते, आपण तिच्या उलट जातो, म्हणून लोकलमध्ये बसायला जागा मिळू शकते. पण दादरचा फलाट आणि जिना गजबजलेला असतो. गुडघे दुखणाऱ्यांनी भुयारी मेट्रो धरावी. ती ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावते, आणि टर्मिनस व दादर ही दोन्ही स्टेशने तिच्यावर आहेत. तिला लिफ्ट आहे.

दुपारच्या उन्हात छप्पर हवे. त्यासाठी फोर्टातले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उत्तम. १९२२ साली ते लोकांसाठी खुले झाले. सोपाऱ्याला सापडलेला सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा इथे आहे. आजचे नालासोपारा तेव्हा भरभराटीचे बंदर होते. तिथल्या स्तूपाचे उत्खनन १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी केले. आपण ज्या समुद्रावरून आलो, त्यावरून दोन हजार वर्षांपूर्वीही व्यापारी ये-जा करत होते, हे मुलांना त्या दगडापुढे उभे करून सांगावे. पाय दुखले तर बसावे. सगळी दालने पाहिलीच पाहिजेत, अशी सक्ती नाही.

संध्याकाळी उजेड असताना स्टेशनवर यावे. गाडीच्या किमान दीड तास आधी सामान हाती असावे. रात्रीचा डबा, पाण्याच्या बाटल्या आणि गोळ्या तेव्हाच जवळ घ्याव्यात.

शेवटी एक गोष्ट कमावत्या मुलामुलींना सांगायची आहे. खर्च तुम्ही करता, म्हणून बेतही तुम्हीच ठरवता. पण आईला विचारा, बापाला विचारा, "तुम्हाला काय पाहायचंय?" त्यांना गेटवेवर फोटो नको असेल. ज्या गिरणीत काका राबले, तिची चिमणी उरली आहे का, एवढेच बघायचे असेल. मग आमचे दुसरे ठिकाण खुशाल खोडा आणि त्यांचे लिहा. तो दिवस त्यांचा आहे.