स्थानके झाली, भोवतालचे काय?

नेरूळ-उरण लोहमार्गाचा खारकोपरपर्यंतचा टप्पा २०१८ साली आणि उरणपर्यंतचा उरलेला टप्पा जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. गाडी आली, याचा आनंद रास्तच आहे. परंतु स्थानकापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरात कोण राहणार, हा प्रश्न गाडीच्या वेळापत्रकाहून अधिक महत्त्वाचा आहे आणि त्याची चर्चा मात्र फारशी होताना दिसत नाही.

सिडकोची स्थापना १९७० ची. वाशीला लोकल पोहोचली १९९२ मध्ये. म्हणजे नगर आधी वसले आणि रेल्वे बावीस वर्षांनी आली. तोवर नोकरदारांनी खाडीपुलावरून बसगाडीत लोंबकळत दिवस काढले. उरण मार्गावर हा क्रम बराचसा उलटला आहे. द्रोणागिरीसारख्या भागात अद्याप मोकळी जमीन आहे, आणि नियोजनकारांना अशी संधी वारंवार लाभत नसते.

या मार्गाच्या खर्चाचा दोनतृतीयांश भार सिडकोने उचलला, उरलेला रेल्वेने. सिडकोचा पैसा येतो तो मुख्यतः भूखंडांच्या विक्रीतून. तेव्हा स्थानकालगतची जमीन चढ्या बोलीने विकण्याचा मोह समजण्याजोगा आहे. तिजोरी रिकामी ठेवून लोहमार्ग होत नाहीत. पण सर्वच जमीन लिलावात गेली, तर स्थानकाच्या दाराशी मोटार बाळगणारा श्रीमंत राहील आणि ज्याचे पोट लोकलवर अवलंबून आहे तो कारकून दोन रिक्षांच्या अंतरावर फेकला जाईल. सीवूड्स स्थानकावर भव्य मॉल उभा आहे. मॉलला आक्षेप नाही. तथापि मॉल म्हणजे वस्ती नव्हे. बामणडोंगरी-खारकोपर परिसरात सिडकोने अल्प उत्पन्न गटांसाठी घरे योजिली, हे पाऊल योग्य दिशेचे होय. मात्र ती योजना अपवाद न राहता नियम व्हावयास हवी, आणि राखीव हिस्सा भूखंडाचे भाव चढण्यापूर्वीच ठरावयास हवा. नंतर ठरविणे म्हणजे न ठरविणेच.

आणखी एक हिशेब राहतो. ही भूमी मुळात आगरी-कोळी शेतकऱ्यांची. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याच्या धोरणाला वाट मिळाली. आता त्यांच्या गावांशेजारून लोकल धावते. स्थानकाच्या आवारातील गाळे, मासळीबाजाराची जागा, गावातून फलाटापर्यंतची पायवाट यांची आखणी नकाशावर अजून होऊ शकते.