सवलतीचा पूर्ण हिशेब ग्राहकापुढे ठेवा : महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगास खुले पत्र

मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई

विषय : घरगुती ग्राहकांसाठीची प्रीपेड वीज आणि तिच्यावरील सवलत

प्रीपेड मीटर घेतले की बिलात सवलत मिळते, हे एकच वाक्य घरगुती ग्राहकांच्या प्रत्येक शंकेवर उत्तर म्हणून पुढे केले जाते. ती सवलत कशाच्या बदल्यात मिळते आणि ती घेताना आधीच्या कोणत्या सवलती, कोणते व्याज व कोणते कायदेशीर संरक्षण हातचे जाते, याचा एकत्रित हिशेब मात्र ग्राहकाच्या हाती कधीच दिला जात नाही. सभा झाल्या, निवेदने झाली, मोर्चे झाले. 2024च्या जूनमध्ये तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवले जाणार नाहीत, असे जाहीरही केले. त्यानंतर तशाच धर्तीचे स्मार्ट मीटर ‘टीओडी मीटर’ (वेळेनुसार बदलणाऱ्या दराचे मीटर) या नावाने, वापरानंतर बिल देणाऱ्या म्हणजे पोस्टपेड पद्धतीने, घरोघरी बसू लागले. अशा मीटरचे प्रीपेडमध्ये रूपांतर करण्यासाठी भिंतीवरचे यंत्र बदलावे लागत नाही, दूरच्या संगणकप्रणालीतील नोंद बदलली तरी पुरते. आणि म्हणूनच सवलतीचा प्रश्न मिटलेला नाही, तो ग्राहकाच्या दारात येऊन थांबलेला आहे.

हा हिशेब आयोगाने मांडायला हवा होता. तो मांडला गेलेला नसल्यामुळे येथे मांडणे भाग आहे.

महिन्याला साधारण 150 युनिट वीज वापरणारे एक कुटुंब घ्यावे. स्थिर आकार (वीज वापरली नाही तरी द्यावी लागणारी रक्कम), वीज आकार आणि वहन आकार (वीज तारांमधून घरापर्यंत आणण्याचा खर्च) मिळून त्याचे 1300 रुपये होतात असे धरले, तर त्यावर 16 टक्के दराने 208 रुपये वीज शुल्क लागून बिल 1508 रुपयांवर जाते. प्रीपेड ग्राहकाला उत्तर प्रदेशात दिली जाते तशी 2 टक्के सवलत 1300 रुपयांवर धरली, तर ती महिन्याला 26 रुपये, म्हणजे वर्षाला 312 रुपये होते. जाहिरातीत सांगितला जातो तो आकडा एवढाच असतो, आणि तो एकटा पाहिला तर व्यवहार फायद्याचाच वाटतो.

परंतु हेच कुटुंब पोस्टपेड राहून बिल सात दिवसांच्या आत भरत असेल, तर त्याला त्वरित भरण्याबद्दल 1 टक्का, म्हणजे 13 रुपये, आणि ऑनलाइन भरण्याबद्दल पाव टक्का, म्हणजे 3 रुपये 25 पैसे, आजही सुटतात. कागदी बिल नाकारून ‘गो-ग्रीन’चा पर्याय घेतला असल्यास आणखी 10 रुपये सुटतात. बेरीज 26 रुपये 25 पैसे होते. प्रीपेडमध्ये महिन्याचे बिलच उरत नसल्याने या तिन्ही सवलती बंद होणार असतील, तर ज्या कुटुंबाने आजवर प्रत्येक बिल वेळेत आणि शिस्तीने भरले त्याला 2 टक्क्यांच्या सवलतीतून महिन्याला 25 पैशांचा तोटा होतो. प्रामाणिक ग्राहकाच्या पदरी हे पडावे, आणि तरीही त्याला ‘सवलत’ म्हणून सांगितले जावे, हे संतापजनक आहे.

हिशेब येथे संपत नाही, कारण सुरक्षा ठेव बाकी आहे. वीज पुरवठा संहितेच्या 2021च्या विनियमांनी, दरमहा बिल येणाऱ्या ग्राहकाची ठेव सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट केली. वरील कुटुंबासाठी ती 3016 रुपये होते. वीज कायदा 2003च्या कलम 47 प्रमाणे या ठेवीवर किमान बँक दराने, म्हणजे रिझर्व्ह बँक वेळोवेळी ठरवते त्या दराने, व्याज द्यावे लागते. तो दर 6 टक्के धरला तर वर्षाला 181 रुपये होतात. त्याच कलमाच्या पाचव्या पोटकलमानुसार प्रीपेड मीटर स्वीकारणाऱ्याकडून ठेव मागता येत नाही. ठेव परत मिळणे हा प्रीपेडचा खरा लाभ आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. तथापि तो पुरता मोजायचा, तर दुसऱ्या पारड्यात ग्राहकाची उधारी ठेवावी लागते. पोस्टपेड ग्राहक वीज आधी वापरतो आणि पैसे सरासरी महिनाभराने देतो, म्हणजे सुमारे 1508 रुपयांची बिनव्याजी उधारी त्याच्याकडे कायम असते. उलट महिन्याच्या आरंभी एकरकमी रिचार्ज करणाऱ्याचे सरासरी अर्ध्या महिन्याचे 754 रुपये वितरण कंपनीकडे आगाऊ पडून राहतात आणि त्यांवर व्याज मिळण्याची हमी नसते. त्यामुळे ठेवीचे 3016 रुपये परत आले तरी ग्राहकाच्या हाती प्रत्यक्षात मोकळे होतात ते 754 रुपयेच, ज्यांचे 6 टक्क्यांनी वर्षाचे मोल 45 रुपये आहे.

आता दोन्ही बाजू समोरासमोर ठेवाव्यात. प्रीपेड : सवलतीचे 312 आणि मोकळ्या रकमेचे 45, एकूण 357 रुपये. पोस्टपेड : ठेवीवरील व्याज 181, त्वरित व ऑनलाइन भरण्याचे 195 आणि गो-ग्रीनचे 120, एकूण 496 रुपये. शिस्तीच्या ग्राहकाला प्रीपेड पद्धत वर्षाला 139 रुपयांनी महाग पडते. जो ग्राहक शेवटच्या तारखेला केंद्रावर जाऊन रोखीने बिल भरतो, त्याच्या पोस्टपेड बाजूला केवळ 181 रुपयांचे व्याज उरते आणि त्याला प्रीपेडमधून वर्षाला 176 रुपयांचा खराखुरा लाभ होतो. भाड्याच्या घरात राहणारा, ठेवीसाठी दोन बिलांची रक्कम उभी करणे ज्याला जड जाते असा नवा ग्राहक, यालाही प्रीपेड सोयीचे ठरू शकते. म्हणजे ही योजना सरसकट चांगली नाही आणि सरसकट वाईटही नाही. ती कोणाला परवडते हे प्रत्येकाच्या बारा महिन्यांच्या बिलांवरून ठरते, आणि ती बिले वितरण कंपनीच्या संगणकात आहेत. ग्राहकाला मात्र त्यांतून निघणारा एक आकडाही सांगितला जात नाही.

याच गोंधळात दिवसाच्या वापरावरील सवलत मिसळली जाते. सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेत वापरलेल्या विजेवर स्मार्ट मीटरधारक घरगुती ग्राहकांना जुलै 2025पासून जाहीर झालेली प्रतियुनिट 80 पैशांची सूट ही वेळेनुसार बदलणाऱ्या दराची, म्हणजेच टीओडीची, सूट आहे. तिचा प्रीपेडशी काहीही संबंध नाही आणि ती पोस्टपेड राहूनही मिळते. नवरा-बायको दोघे कामावर जाणाऱ्या घरात दिवसभर एक फ्रिज चालतो, अशा घराची अगदी 40 युनिटे त्या वेळेत गेली असे धरले तरी सुटतात 32 रुपये. या 32 रुपयांचे श्रेय प्रीपेडच्या खात्यात टाकणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

सवलतीचे पैसे येतात कोठून, हाही प्रश्न आहे. वितरण कंपनी महावितरणने सुमारे सव्वादोन कोटी मीटरांसाठी दिलेल्या कंत्राटांचा सरासरी खर्च प्रतिमीटर 12 हजार रुपयांच्या आसपास जातो. 2021मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेतून महाराष्ट्रासारख्या राज्याला मिळणारे अनुदान मीटरच्या खर्चाच्या 15 टक्के किंवा 900 रुपये, यांपैकी कमी असेल ते. उरलेले 11,100 रुपये दहा वर्षांवर पसरले तर महिन्याला साडेब्याण्णव रुपये होतात. या खर्चात देखभाल व संगणकप्रणालीही धरलेली आहे आणि गळती व वसुलीचा खर्च कमी होऊन तो भरून निघेल, असे सांगितले जाते. तसे झाले तर आनंदच आहे. पण तो भरून निघाला नाही, तर दर ठरवताना तो ग्राहकाच्याच माथी येईल, आणि 26 रुपये देऊन साडेब्याण्णव रुपये वसूल झाल्याचे कोणत्याही बिलावर छापलेले नसेल. दुसरीकडे, एक कोटी ग्राहकांची सरासरी 500 रुपयांची आगाऊ शिल्लक धरली तरी 500 कोटी रुपये कंपनीच्या हाती कायम खेळते राहतात. 9 टक्क्यांनी त्यांच्यावरील व्याजाची बचत वर्षाला 45 कोटी होते. ही बचत कोणाची, याचे उत्तर आयोगाने द्यायला हवे.

पैशांत न मोजता येणारी किंमत याहून मोठी आहे. वीज कायद्याच्या कलम 56 अन्वये थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी किमान 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. शिल्लक संपणे म्हणजे थकबाकी नव्हे, असा अर्थ लावला की हे संरक्षण प्रीपेड ग्राहकापुरते संपते, आणि पंधरा दिवसांची जागा मोबाइलवरचा एक संदेश घेतो. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो घेऊन कमावता माणूस बाहेरगावी गेला आहे, तेथे तो संदेश म्हाताऱ्या आईवडिलांपर्यंत पोचत नाही. त्यात घरगुती दरांचे टप्पे आहेत : पहिली 100 युनिटे स्वस्त, आणि त्यापुढच्या टप्प्याचा वीज आकार दुपटीहून अधिक. रोज पाच युनिट वापरणाऱ्या घराची शंभरी विसाव्या दिवशी भरते. टप्पे महिन्याच्या एकूण वापरावर मोजले, तर त्यानंतर तोच पंखा, तेच दिवे आणि तोच फ्रिज चालू असताना 200 रुपयांचा रिचार्ज आधीच्या जवळजवळ निम्मेच दिवस पुरतो. पगार संपत आलेला असतो तेव्हाच, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, वीज जाण्याची शक्यता सर्वाधिक होते. घराला कुलूप लावून गणपतीला कोकणात गेलेल्या कुटुंबाचा स्थिर आकारही रोज कापला जातो. ब्रिटनमध्ये सक्तीने बसवलेल्या प्रीपेड मीटरांवरून संताप उसळल्यावर 2023च्या फेब्रुवारीत तेथील नियामक ऑफजेमने ती सक्ती थांबवायला लावली आणि पुढे अतिवृद्ध माणसे व तान्ही मुले असलेल्या घरांना तिच्यातून वगळले. महाराष्ट्राच्या आयोगाने तसा संताप उसळेपर्यंत वाट पाहू नये.

प्रीपेडचा पर्याय देण्यापूर्वी प्रत्येक ग्राहकाला त्याच्याच मागील बारा बिलांवरून वरीलप्रमाणे दोन बाजूंचा हिशेब एका पानावर, मराठीत, छापून देण्याचे बंधन वितरण परवानाधारकांवर घालावे. त्वरित व ऑनलाइन भरण्याच्या सवलती प्रीपेड ग्राहकालाही लागू कराव्यात, कारण त्याच्याएवढे लवकर पैसे भरणारा दुसरा कोणी नाही. आगाऊ शिलकीवर ठेवीप्रमाणेच बँक दराने व्याज द्यावे. रात्री, सुट्टीच्या दिवशी आणि आजारी माणूस असलेल्या घरी शिल्लक संपल्याच्या कारणावरून पुरवठा तोडू नये, आणि कलम 56च्या नोटिशीचे संरक्षण प्रीपेड ग्राहकाला कोणत्या स्वरूपात मिळेल हे आदेशात स्पष्ट लिहावे. एकदा प्रीपेड झालेल्या ग्राहकाला दंडाविना पोस्टपेडकडे परतता यावे. हे सर्व लागू होईपर्यंत राज्यातील एकाही घरगुती ग्राहकाची नोंद त्याच्या लेखी संमतीवाचून प्रीपेडकडे वळवली जाऊ नये, असा अंतरिम आदेश आयोगाने तातडीने काढावा.

कळावे.

महाराष्ट्रातील घरगुती वीजग्राहकांच्या वतीने