परसदारची बेगमी

रोहिणी नक्षत्र सरत आलं की आमच्या अंजनगाव सुर्जीत घरोघरी एकच बोलणं असतं. कपाशीचं बियाणं आणलं का, तूर कुठली पेरायची, संत्र्याला खत केव्हा घालायचं. अशाच एका संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या एक वहिनी बाजारातून परतल्या. ओट्यावर टेकल्या आणि पिशवीतली मेथीची बारकीशी जुडी मला दाखवून म्हणाल्या, "आठ एकर वावर आहे आमचं, अन् भाजी मात्र इकत!" म्हणाल्या त्या हसतच, पण मला काही हसू आलं नाही.

कारण ही एका घरची गोष्ट नाही. सारं वावर पैशाच्या पिकाला दिलं, की पैसा येतो तो वर्षातून एकदा, आणि भाजी तर रोज लागते. भाव चढले की पहिली कात्री लागते ती पालेभाजीला. जी थोडी शिजते ती मुलांच्या आणि पुरुषांच्या पानात जाते. आपल्या वाट्याला उरतो पातेल्याच्या तळचा रस्सा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. यात शेतीवाडी असलेल्या घरच्या बायका नसतील, असं कोण म्हणेल?

म्हणून आज परसबागेविषयी लिहायचं ठरवलं. शोभेच्या नव्हे बरं का, पोटाच्या!

धडा घ्यायला आम्हां अंजनगावकरांना लांब जायला नको. आमचं गाव पानमळ्यांचं आणि पिंपळीचं. बारी समाजाच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या जपलेला पानमळा नीट पाहिलात, तर जागेचा हिशेब कसा करावा ते कळतं. नागवेलीला चढायला झाडाचा आधार हवा आणि सावलीही हवी. त्यासाठी शेवरी, पांगारा, हेटी (म्हणजे तुमचा हादगा), शेवगा अशी झाडं लावायची. त्यातल्या हेटीची फुलं आणि शेवग्याच्या शेंगा चुलीवर जातात. एकाच तुकड्यात वर झाड, त्यावर वेल आणि खाली सावलीतलं पीक. आपलं परसही असंच मांडायचं.

दहा फूट लांब, दहा फूट रुंद एवढी जागा सुरुवातीला पुष्कळ झाली. कडेला कायमची झाडं लावा: एक शेवगा, एक कढीलिंब, एक पपई, जमल्यास एक लिंबू. शेवग्याची फांदी ठिसूळ असते, वादळात मोडते. म्हणून तो भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर हवा. रोप तीनेक फुटांचं झालं की शेंडा खुडा, म्हणजे झाड पसरतं आणि पाला हाताशी राहतो. कुंपणावर वाल, दोडकी, कारली चढवा. मधल्या वाफ्यांत पालेभाज्या. परस नसलेल्या शहरातल्या मैत्रिणींनी सिमेंटची रिकामी पोती धुऊन घ्यावीत, खाली भोकं पाडावीत आणि दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत भरावं. गच्चीवर एवढ्यात वांगी, मिरची, पालक सहज होतात.

काय केव्हा लावायचं? मृगाचा पाऊस झाला की भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडकी, कोहळं, अंबाडी. दसऱ्याच्या सुमारास मेथी, पालक, शेपू, मुळा, सांबार (पुण्याकडच्या बायांनी हसू नये, आम्ही वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबारच म्हणतो!), शिवाय वांगी-टमाट्याची रोपं. उन्हाळ्यात माठ, घोळ आणि ढेमसं. पालेभाजी एकदम सारी पेरू नका. दर आठ-दहा दिवसांनी एकेक पट्टा पेरा, म्हणजे एका दिवशी टोपलीभर आणि पुढे महिनाभर काही नाही, असं होत नाही.

आता पाण्याचं. आमच्या भागात उन्हाळ्यात हीच खरी अडचण. त्यातून पूर्णाकाठचा खारपाणपट्टा! अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत विहिरीचं पाणीच खारट. मी स्वतः एका वर्षी हौसेनं घेवडा लावला आणि अशाच खाऱ्या विहिरीचं पाणी दोन्ही वेळा भरभरून घातलं. पानांच्या कडा करपल्या, मातीवर पांढरी खपली आली आणि आठवड्याभरात वेल माना टाकून मोकळे झाले. दोष बियाण्याला देत बसले होते. शेजारच्या आजी म्हणाल्या, "बियाले कायले बोल लावतं वं? तुह्या पाण्यानंच मारलं त्याले."

त्यांचं खरं होतं. घेवड्याच्या जातीला खारं पाणी मुळीच सोसत नाही. पालक आणि बीट त्या मानानं बरंच सोसतात. खारं पाणी पानांवर शिंपडू नये, बुंध्याशीच घालावं. मातीत शेणखत भरपूर मिसळावं. पावसाळ्यात छपराचं पाणी पन्हाळ लावून टाकीत धरावं. तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेलं पाणी तर कधीच फेकू नये, एका बादलीत साठवून संध्याकाळी वाफ्यांना घालावं. न्हाणीचं पाणी केळीला आणि कर्दळीला सोडा. साबणाच्या सोड्याचं पाणी पालेभाजीला नको.

कीड पडली तर कपाशीचं औषध परसात आणायचं नाही, म्हणजे नाही! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली, ते आठवा. औषधाचा रिकामा डबा धुऊन पाणी घालायलासुद्धा वापरू नये. अर्धा किलो लिंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, दहा लिटर पाणी करा आणि ऊन उतरल्यावर शिंपडा. बहुतेक किडीला एवढं पुरतं.

भाजी पिकली, म्हणजे अंगी लागली असं मात्र नाही. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. पानात लिंबाची फोड हवीच, तिच्यामुळे भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्यानं लोह वाया जातं. सारखा थकवा, धाप, चक्कर असेल तर केवळ भाजीवर विसंबू नका. रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या लोहाच्या गोळ्या नेमानं घ्या. आणि एक नियम आजपासून करा: परसातल्या भाजीची पहिली वाटी स्वतःसाठी बाजूला काढायची. पिकवणारीचा तेवढा हक्क आहेच!

राहिलं बियाणं. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुका आहे (आपलं अकोला नव्हे). तिथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी गावठी भाज्यांची आणि धान्यांची बियाणी जमवली, राखली, बायाबायांत वाटली. २०२० साली त्यांना 'पद्मश्री' जाहीर झाली. आपण निदान पाच भाज्यांचं बी तरी राखू या. संकरित बियाण्याचं बी पुढच्या वर्षी तसंच येत नाही, म्हणून गावठी धरा. निरोगी वेलावरचं चांगलं फळ बियांसाठी सोडा, पुरतं पिकू द्या, बी सावलीत वाळवा आणि राखेत घोळून बरणीत भरा.

२०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद पडला, तेव्हा आमच्या गल्लीतली चार घरं एका शेवग्याच्या पाल्यावर आणि एका दोडक्याच्या वेलावर कितीतरी दिवस निभावली. तो शेवगा होता त्याच आजींचा. पैसे घरात होते, पण मेथीची जुडी त्यांनाही मिळत नव्हती. बेगमी म्हणतात ती हीच!

आता उमेद अभियानाच्या बचत गटांतूनही गावोगाव पोषण परसबागा होत आहेत. तुमच्या गटात हा विषय काढा. आणि येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्या लुटण्यापेक्षा वाल, दोडकं, अंबाडीच्या बियांच्या पुड्या लुटा. आमच्या गल्लीतल्या त्या वहिनींनी या पावसाळ्यात परसातला लाकूडफाटा हलवून तीन वाफे काढले आहेत. यंदाच्या वाणातली पहिली पुडी मी त्यांच्याकडूनच घेणार आहे.