वॉरंट पोचते, जामीन वाटेत अडतो

आमच्या कचेरीत चहाच्या वेळी हा प्रश्न अधूनमधून निघतो. इंदूरच्या कोर्टाने म्हापशातल्या माणसावर वॉरंट काढले तर गोवा सरकारची परवानगी लागेल ना? प्रत्यर्पण करावे लागेल ना? लागत नाही हो! इंदूर होळकरांचे आणि गोवा पोर्तुगिजांचा होता तेव्हा हा प्रश्न रास्त होता. आज प्रत्यर्पण परदेशाशी होते. भारतातल्या कुठल्याही कोर्टाचे वॉरंट देशभर बजावता येते. पूर्वीची फौजदारी संहिता हेच सांगत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेली नागरिक सुरक्षा संहिताही हेच सांगते.

मग माणसाला थेट गाडीत कोंबून इंदूरला न्यायचे काय? तसेही नाही. सामान्यतः त्याला इथल्या मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. गुन्हा जामीनपात्र असेल आणि तो जामीन द्यायला तयार असेल, तर तो इथेच घेऊन कागद तिकडे पाठवायचा असतो. अजामीनपात्र असला तरी इथल्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याला किंवा सत्र न्यायाधीशाला जामीन देण्याचा अधिकार आहे. ही सोय फार कमी लोकांना ठाऊक असते, आणि पोलीस ती आपणहून सांगतील अशी आशा मी तरी धरत नाही.

कायदा इतका समजूतदार असताना माझी तक्रार कशाबद्दल? कागदाबद्दल. मी कारकून आहे, कागद कसा चालतो आणि कसा बसतो ते मला कळते.

१ जानेवारी २०२१ रोजी इंदूरच्या एका कॅफेत मुनव्वर फारुकी या विनोदी कलाकाराला पोलिसांनी ताब्यात घेतले. तक्रारदार तिथल्या आमदाराचा मुलगा. धार्मिक भावना दुखावल्याचे कलम, जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच अर्नेशकुमार खटल्यात बजावले होते. तरी हा माणूस महिनाभर आत. त्यातच प्रयागराजहून त्याला हजर करण्याचे वॉरंट आले, म्हणजे इंदुरात सुटला तरी उत्तर प्रदेश उभाच. ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम जामीन दिला आणि त्या वॉरंटालाही स्थगिती दिली. यानंतर काय व्हावे? तुरुंगवाल्यांचे म्हणणे, प्रयागराजच्या वॉरंटाबाबत आम्हाला कागद आलेला नाही! शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी इंदूरच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना फोन करून आदेश संकेतस्थळावर पाहायला सांगितल्याच्या बातम्या आल्या, आणि ६ तारखेला रात्री उशिरा तो बाहेर पडला.

'कागद आला नाही' हे वाक्य आम्हा कारकुनांचे चिलखत आहे. पण ते एकाच बाजूला का चालावे? अडकवणारा कागद प्रयागराजहून इंदूरला बिनचूक पोचतो, सोडवणाऱ्यालाच आवक क्रमांक मिळत नाही. फारुकीचा विनोद मला आवडतो की नाही, हा इथे मुद्दाच नाही.

'गुन्हा केला नाही तर जावे की तिकडे, घाबरायचे कशाला?' असे म्हणणाऱ्यांनी हुसेन यांचे प्रकरण आठवावे. पंढरपुरात जन्मलेला, इंदुरात वाढलेला हा चित्रकार. एका चित्रावरून त्याच्यावर पंढरपूर, राजकोट आणि मध्य प्रदेशात तक्रारी झाल्या. त्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीला आणल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ८ मे २००८ रोजी रद्द केल्या. तोवर हुसेन २००६ सालीच देश सोडून गेले होते. निकाल त्यांच्या बाजूने लागूनही ते परतले नाहीत. कोर्टात जिंकणे आणि शिक्षेतून सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांबच्या गावात तक्रार करणाऱ्याला निकालाची गरजच नसते, तारखेला प्रवास घडला की त्याचे काम झाले.

आरोपी हद्दीबाहेर राहत असेल तर मॅजिस्ट्रेटने आधी चौकशी करावी, मग समन्स काढावे, असा नियम २००६ पासून आहे. पण तो खाजगी तक्रारीपुरता. पोलिसांत एफआयआर झाला की त्याचा उपयोग नाही. सर्वोच्च न्यायालयाचे आदेश तुरुंगांना झटपट पोचावेत म्हणून ३१ मार्च २०२२ रोजी 'फास्टर' नावाची व्यवस्था सुरू झाली, हेही चांगलेच. पण ज्याचे प्रकरण दिल्लीपर्यंत जातच नाही, ज्याला इंदुरात वकील ठाऊक नाही आणि दर तारखेला रजा टाकावी लागते, अशा आमच्या वाड्यावरच्या माणसासाठी तिथल्या दंडाधिकाऱ्याला फोन कोण करणार आहे?